प्रत्येक सेट ‘फेल’, तरी अंग तिथेच: दोष शोधायचा कसा आणि कुठल्या क्रमाने

गेली बारा वर्षं मी एका व्यायामशाळेत संध्याकाळची बॅच सांभाळतो. या बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेली तक्रार एकच आहे: “सर, प्रत्येक सेट फेलपर्यंत मारतोय, तरी फरक दिसत नाही. प्रोग्राम बदलून द्या.”

मी लगेच प्रोग्राम बदलत नाही. बहुतेक वेळा प्रोग्राम बरा असतो, चुकलेलं असतं ते मोजमाप. ज्याला तो मुलगा ‘फेल’ म्हणतो, म्हणजे आता एकही जाणार नाही असं त्याला वाटतं, तिथे त्याच्या अंगात अजून चार-पाच रेप्स शिल्लक असतात. (वजन एकदा वर-खाली केलं की एक रेप, आणि मध्ये न थांबता मारलेले असे रेप्स मिळून एक सेट.) किंवा नेमकं उलट: तो खरोखरच रोज, प्रत्येक सेटला तळ गाठतो आणि शरीराला भरून यायला उसंत देत नाही. दोघांची तक्रार सारखी, इलाज मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून आधी निदान.

मी ज्या क्रमाने तपासतो तोच इथे दिला आहे. बिनखर्चाचं आधी, कष्टाचं नंतर. मधल्याच पायरीवर दोष सापडला तर तिथेच थांबा, तो दुरुस्त करा आणि चार आठवडे बघा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

लक्षणं

सेट लवकर सोडणाऱ्याची लक्षणं अशी:

- तीन-चार महिने डंबेल तेच. साडेबाराचे उचलले की पंधराच्या जोडीकडे हात जात नाही.
- पहिल्या सेटला दहा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला दहा, चौथ्यालाही बरोबर दहा. खरंच फेलजवळ गेलेला माणूस चार वेळा तोच आकडा मारू शकत नाही.
- दहावा रेप पहिल्याइतक्याच वेगाने वर जातो.
- वजन ठेवल्याबरोबर गप्पा सुरू.

गरजेपेक्षा जास्त वेळा फेल होणाऱ्याची लक्षणं वेगळी:

- पहिल्या सेटला दहा, मग सहा, मग चार.
- मागच्या महिन्यात जे वजन सहज जात होतं ते आता जड लागतं.
- खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपरात सतत कुरकुर.
- झोप तुटक, चिडचिड, आणि जिमची वेळ झाली की पाय जड होतात.
- जवळजवळ प्रत्येक सेटच्या शेवटी कुणाचा तरी हात रॉडला असतो.

तिसरा प्रकारही आहे आणि तोच मला सगळ्यात जास्त दिसतो: छाती आणि बायसेपला माणूस दुसऱ्या गटात असतो, पायाला पहिल्या. बेंचवर रॉड छातीवर अडकेपर्यंत मारणारा मुलगा स्क्वॉटला (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा) दम लागला म्हणून रॅकवर ठेवून देतो. म्हणून स्वतःला एका गटात टाकू नका. प्रत्येक व्यायाम वेगळा तपासा.

आधी ‘फेल’ कशाला म्हणायचं ते ठरवू

पूर्ण हालचाल, नीट फॉर्म, मनापासून जोर, आणि तरीही वजन वर जाता जाता अर्ध्यात अडकतं. तो क्षण म्हणजे फेल. स्नायूत आग होणं म्हणजे फेल नाही. पंप येणं (स्नायू रक्ताने फुगणं), दम लागणं, हात थरथरणं, यांतलं काहीही फेल नाही.

त्याच्या थोडं अलीकडे आणखी एक ठिकाण असतं. वजन अजून जाईल, पण कंबर उचलून, खांदे झटकून किंवा गुडघे आत घेऊन. याला मी फॉर्म तुटणं म्हणतो. माझ्या बॅचमध्ये सेट तिथे संपतो आणि त्यालाच फेल धरतो. पुढचे दोन झटके सांध्याने उचललेले असतात, ज्या स्नायूसाठी सेट लावला त्याने नाही.

शेवटच्या रेप्सना इतकं महत्त्व का, हे मी नव्या मुलांना वेळ काढून समजावतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप जुळतं. स्नायूतले तंतू गटागटाने काम करतात आणि प्रत्येक गट एकेका मज्जापेशीच्या ताब्यात असतो. शरीर आधी छोटे गट कामाला लावतं, मोठे राखून ठेवतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एल्वूड हेनेमन यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत हा क्रम दाखवून दिला. मध्यम वजनाचा सेट चालू असताना आधीचे गट थकत जातात तसे मोठे गट ओढले जातात, आणि जाड होण्याची ताकद त्या मोठ्या गटांतल्या तंतूंमध्येच जास्त असते. तुम्ही पूर्ण जोर लावता आणि तरी रॉड हळू होतो, तेव्हा हे सगळे गट एकाच वेळी ताणाखाली असतात. म्हणूनच पेलता येणाऱ्या कमाल वजनाच्या ३० टक्के वजनानेसुद्धा स्नायू वाढतो, जर सेट फेलच्या जवळ नेला तर. आणि म्हणूनच दहाव्या रेपला आरामात ठेवलेलं हलकं वजन वर्षभर उचललं तरी आरशात काही बदलत नाही.

जवळ म्हणजे किती? अंग भरण्यासाठी एक ते तीन रेप्स शिल्लक असताना थांबलं तर बहुतेक कामाच्या सेटना (वॉर्मअपनंतरचे खरे सेट) ते पुरतं. दर वेळी शून्यावर जायची गरज नाही. नुसती ताकद वाढवायची असेल तर इतकं जवळ जायचीही गरज पडत नाही. पण ‘दोन शिल्लक’ म्हणजे खरंच दोन शिल्लक असायला हवेत. सगळी गोम तिथे आहे.

तपासणी १: वही

शंभर पानी वही आणि पेन. दुसरा खर्च नाही. तारीख, व्यायाम, वजन, प्रत्येक सेटचे रेप्स आणि शेवटी एक आकडा: अंदाजाने किती शिल्लक होते. ‘बेंच ६० किलो, ९, ८, ७, शि. २’ इतकंच. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मोबाइल उघडला की दुसरंच काहीतरी उघडतं, म्हणून मी वही सांगतो.

हे का करायचं? कारण आठवणीवर विसंबलं तर प्रत्येकाला आपण मागच्या वेळेपेक्षा जास्त उचललं असंच वाटतं. वही नसेल तर पुढच्या एकाही तपासणीला आधार नाही. दोन आठवडे काही न बदलता फक्त लिहा. मग आकड्यांची ठेवण बघा. १०, १०, १०, १० दिसलं तर पहिला गट. १०, ६, ४ दिसलं तर दुसरा. आणि दुसऱ्या गटातल्यांनी बेरीज करावी: १०, ६ आणि ४ मिळून २० होतात. तोच माणूस पहिल्या सेटला नऊवर थांबला तर बहुधा ९, ८, ८ मारतो, म्हणजे २५. पहिल्या सेटला एक रेप जास्त काढण्याच्या नादात पुढचे पाच-सहा गेले. वहीतली ही बेरीज दाखवली की माझं अर्धं बोलणं वाचतं.

तपासणी २: मोबाइल उभा करून व्हिडिओ

पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवा, बाजूने संपूर्ण शरीर दिसेल असा, आणि शेवटचा कामाचा सेट शूट करा. घरी बघताना फक्त दोन गोष्टी पाहा: वेग आणि उंची.

वेग खोटं बोलत नाही. तुम्ही प्रत्येक रेपला तेवढाच जोर लावत असाल, तर फेल जवळ येतो तसा रॉड आपोआप मंदावतो. पहिला रेप एका सेकंदात आणि शेवटचाही एका सेकंदात गेला असेल, तर तुमचा ‘फेल’ अजून दूर होता. मात्र मुद्दाम हळू मारलेले रेप्स यात धरू नका. मंदावणं नकळत झालेलं हवं.

इथे एक बारकावा आहे. सगळे व्यायाम सारखे मंदावत नाहीत. बेंच प्रेसचा शेवटचा रेप अगदी मुंगीच्या पावलाने वर सरकू शकतो आणि तरीही पूर्ण होतो. स्क्वॉटमध्ये तसं होत नाही. त्यात वेग बराच शिल्लक असतानाच माणूस एकदम खाली अडकतो. त्यामुळे स्क्वॉटच्या व्हिडिओत बेंचइतका मंदपणा शोधत बसू नका. तिथे गुडघे आत येऊ लागले, कंबर वर आणि छाती खाली जाऊ लागली, की तुम्ही काठावर आहात.

उंचीचं सोपं आहे. पहिल्या रेपला रॉड छातीला लागला आणि आठव्याला चार बोटं वरूनच परतला, तर ते आठ नाहीत. जिथपासून खोली कमी झाली तिथपर्यंतच मोजा.

तपासणी ३: हात लावणारा काय करतोय

ही तपासणी नाजूक आहे, कारण यात मित्र येतो. मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही जिममध्ये हे दृश्य दिसेल: खाली पडलेला मुलगा लाल झालाय, वर उभा असलेला मित्र “और एक, और एक, तेरा ही है!” म्हणतोय, आणि त्या मित्राचे खांदे वर उचलले जातायत. म्हणजे वजन तोही उचलतोय. दोघांनाही वाटतं तीन रेप्स जास्त निघाले. वहीत ते तीन चढतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच खोट्या आकड्यावर वजन वाढवलं जातं.

मित्राला स्पष्ट सांगा: रॉड थांबून खाली येऊ लागेपर्यंत हात लावायचा नाही, आणि हात लागला की तो रेप मोजायचा नाही. एवढा एक नियम पाळून पंधरा दिवसांत ज्यांचा गुंता सुटला असे कितीतरी जण मी पाहिलेत.

पण याचा अर्थ मित्र नको असा नाही. रॉडने बेंच करताना फेलपर्यंत जायचं असेल तर मागे माणूस हवाच, नाहीतर सेफ्टी पिना लावलेला रॅक हवा. रिकाम्या जिममध्ये एकट्याने बेंचवर फेल होऊ नका. गळ्यावर रॉड येऊन माणसं दगावली आहेत. एकटे असाल तर डंबेल घ्या किंवा मशीनवर जा.

तपासणी ४: घड्याळ

दोन सेटमध्ये किती वेळ थांबता ते तीन दिवस मोजा. मोठ्या व्यायामांना, म्हणजे स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), दोन ते तीन मिनिटं. कर्ल, लॅटरल रेज यांना एक ते दीड मिनिट पुरतं.

चाळीस सेकंदांत पुढचा सेट सुरू केला तर तुम्हाला थांबवतो तो दम. स्नायूचा फेल अजून आलेलाच नसतो. एक मिनिट आणि तीन मिनिटं अशी तुलना करून पाहिली गेली तेव्हा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकदही जास्त वाढली आणि स्नायूही. पायांच्या व्यायामात ‘फेल झालो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर धापेने थांबलेले असतात. संध्याकाळी गर्दीत रॅकसाठी माणसं वाट बघत उभी असतात हे मला माहीत आहे. अशा वेळी वेळ कापण्यापेक्षा त्यांनाच आपल्यासोबत आळीपाळीने घ्या. त्यांचा सेट होईपर्यंत तुमची दोन मिनिटं होतात.

तपासणी ५: अंदाजाचा सेट

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आता खरी परीक्षा. निवडलेला व्यायाम सुरक्षित हवा: लेग एक्स्टेंशन, लॅट पुलडाउन, पेक डेक, मशीनची चेस्ट प्रेस. सहा ते दहा रेप्स जातील असं वजन लावा. बाजूला मोजायला एक जण उभा करा. सेट सुरू करा आणि नेहमी जिथे थांबता तिथे मोठ्याने सांगा: “शिल्लक दोन.” आणि थांबू नका. फॉर्म तुटेपर्यंत किंवा वजन अडकेपर्यंत मारत राहा. किती निघाले ते मोजणाऱ्याने सांगावं.

दोन सांगितले आणि दोन-तीन निघाले तर तुमचा अंदाज पक्का आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. दोन सांगितले आणि सहा निघाले, तर दोष सापडला.

आमच्याकडे एक मुलगा सव्वा वर्ष लेग एक्स्टेंशनला ४० किलोवर अडला होता. मेहनती, एक दिवस न चुकवणारा. त्याने दहाव्या रेपला “शिल्लक एक” म्हटलं आणि सतराव्यावर अडकला. सेट संपल्यावर तो बराच वेळ मशीनवरच बसून राहिला. त्याला वाईट वाटलं होतं. मी त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: हा आळस नाही. जी जागा कधी पाहिलीच नाही ती किती दूर आहे हे कुणालाच सांगता येत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या १६० पुरुषांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बेंच प्रेसला दहा रेप्ससाठी एरवी जे वजन लावता ते लावा आणि जमतील तितके मारा, असं त्यांना सांगितलं होतं. सरासरी निघाली सोळाच्या आसपास.

अंदाज सुधारतो, पण काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. फेलच्या जितकं जवळ जाल तितका अंदाज अचूक येतो. सेटच्या मध्यावर ‘अजून किती’ हे सांगणं कठीणच असतं. पंधरा-वीस रेप्सच्या सेटमध्ये चूक मोठी होते, कारण आग लवकर सुरू होते आणि ती आगच फेल वाटते. म्हणून शिकताना सहा ते दहाचीच मर्यादा ठेवा. आणि लेग एक्स्टेंशनला जमलेला अंदाज पुलडाउनला जमेलच असं नाही. दर तीन-चार आठवड्यांनी एकेका व्यायामाचा असा एक सेट घ्या, तोही त्या व्यायामाचा त्या दिवसाचा शेवटचा.

‘शिल्लक’ हा शब्द मी का वापरतो तेही सांगतो. कष्टाला आकडा देण्याची पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी आणली. त्यांची पट्टी ६ ते २० अशी होती, कारण आकड्याला दहाने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके यावेत असा हिशोब होता. वजन उचलणाऱ्यांना ती पट्टी नीट लागू पडत नव्हती. पुढे पॉवरलिफ्टिंगमध्ये माइक टुशेरर यांनी १०ची पट्टी रूढ केली: १० म्हणजे काहीच उरलं नाही, ९ म्हणजे एक उरला, ८ म्हणजे दोन उरले. पट्टी उत्तम आहे. पण मुलं “आठ” म्हणाली की ते रेप्स की कष्ट, असा घोळ रोज व्हायचा. ‘शिल्लक दोन’मध्ये तो घोळ होत नाही.

आणखी एक: हा सेट घेताना प्री-वर्कआउट पावडर (व्यायामाआधी घेतात ती, बहुधा कॅफिनवाली) घेऊ नका. कॅफिनने कष्ट कमी जाणवतात, मोठ्या आवाजातल्या गाण्यांनीही. कॅफिन वाईट नाही, पण माप घेताना नको.

तपासणी ६: फेल कुठे होताय

अंदाज पक्का आहे, वही खरी आहे, तरी आकडे घसरतायत? मग कुठल्या व्यायामात आणि किती सेटना तळ गाठता ते मोजा.

सेट तोच, फेलही तोच, पण थकवा सारखा नसतो. बायसेप कर्लला फेल झालात तर उद्या-परवा विसराल. डेडलिफ्टला फेल झालात तर पाठ, मांड्या आणि पकड तीन-चार दिवस हिशोब मागतात आणि मधल्या दिवसांचे सगळे व्यायाम खाली येतात. शिवाय डेडलिफ्टमध्ये स्नायू फेल व्हायच्या आधी बहुतेकांची कंबर वाकते. म्हणून माझी विभागणी अशी: डेडलिफ्ट आणि स्क्वॉट, शिल्लक दोन ते तीन, कधीच शून्य नाही. बेंच, रोइंग, खांद्याची प्रेस, शिल्लक एक ते दोन. मशीन आणि छोटे व्यायाम, शेवटच्या सेटला शून्य चालेल. आधीच्या सेटना तिथेही एक राखा.

दुसऱ्या गटातल्या मुलांच्या मोबाइलमध्ये हमखास डोरियन येट्सचे व्हिडिओ असतात. १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेला माणूस. फेलपर्यंत जाण्याचा हा विचार नॉटिलस व्यायाम-मशीनवाले आर्थर जोन्स आणि बॉडीबिल्डर माइक मेंट्झर यांच्याकडून त्याच्यापर्यंत आला. पण व्हिडिओत एक गोष्ट निसटते. येट्स एका व्यायामाला वॉर्मअपनंतर जीव तोडून मारायचा तो बहुतेकदा एकच सेट. आपली मुलं त्याचा फेल उचलतात आणि सेट मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकातले, छातीला वीस. हे दोन्ही एका शरीरात मावत नाही. फेल वाढवायचा तर सेट कमी करा, सेट वाढवायचे तर शिल्लक ठेवा.

तपासणी ७: जिमबाहेरचे तेवीस तास

वहीत घसरण नेमकी कधी सुरू झाली ती तारीख बघा आणि त्या सुमारास आयुष्यात काय बदललं ते आठवा. आपल्याकडे काही कारणं दरवर्षी कॅलेंडर लावल्यासारखी येतात.

श्रावण. मांसाहार बंद होतो, अनेकांची अंडीही जातात, आणि त्या जागी काहीच येत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत पोट भरतं, पण प्रथिनं नावापुरतीच. अंग भरण्यासाठी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. श्रावणात ती उसळी, डाळी, दही, पनीर आणि सोयाबीनच्या वड्यांतून काढावी लागतात. १०० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

ढोलपथक. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सराव सुरू असतो. दोन तास कमरेला ढोल बांधून वाजवणं हा खांद्यांचा आणि कमरेचा व्यायामच आहे, पण कुणी तो वहीत लिहीत नाही. त्या काळात खांदे आणि पाठीचे सेट निम्मे करा आणि शिल्लक तीन ठेवा. वाजवणं सोडा असं मी कुणाला सांगत नाही.

रात्रपाळी, परीक्षा, घरात लहान बाळ. झोप सहा तासांच्या खाली गेली की तेच वजन जड लागतं. अशा दिवशी वहीतलं वजन खेचायचा हट्ट धरू नका. शिल्लक दोन हा नियम पाळा आणि वजन जेवढं येईल तेवढं येऊ द्या. शिल्लक मोजायला शिकण्याचा खरा फायदा हाच आहे.

तपासणी ८: एक आठवडा हलका

सगळ्यात शेवटी हे, कारण मन वळवायला हे सगळ्यात अवघड. एक पूर्ण आठवडा सेट निम्मे, वजन थोडं कमी, प्रत्येक सेटला शिल्लक चार-पाच. जिमला यायचं, हालचाल करायची, घाम आला की घरी.

आठवड्यानंतर आकडे वर आले, सांध्यांची कुरकुर गेली, तर दोष थकव्याचा होता. तपासणी ६ प्रमाणे मांडणी बदला. दोन आठवडे हलके करूनही काही फरक नसेल, दम लागणं किंवा अशक्तपणा तसाच असेल, तर इथून पुढे कोचचं काम नाही. डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, यांतलं काही बिघडलेलं असेल तर कुठलाही प्रोग्राम ते भरून काढणार नाही.

याच टप्प्यावर कुणीतरी येऊन इंजेक्शन सुचवतो. मेफेंटरमाइन हे औषध भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात. ते आपल्याकडच्या जिममध्ये चोरून विकलं जातं आणि पोलिसांनी वेळोवेळी पकडलंही आहे. ते घेतल्यावर थकवा जाणवत नाही, म्हणजे ज्या इशाऱ्यांबद्दल मी इतका वेळ लिहितोय ते सगळे बंद पडतात, आणि हृदयावरचा ताण मात्र चालूच राहतो. हात जोडून सांगतो, ते घेऊ नका. कुणी देत असेल तर ती जिम सोडा.

इथे थांबा

खालच्यापैकी काहीही झालं तर तपासण्या बाजूला ठेवा.

छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर येऊन पडणं, अचानक असह्य डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं: ताबडतोब १०८ ला फोन करा. “गॅस असेल” म्हणून पाणी पीत बसू नका.

व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, स्नायू सुजून कडक झाले आणि हात सरळही होईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला कचरा मूत्रपिंडावर येतो तेव्हा असं होतं. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी फेलपर्यंत मारणाऱ्यांना, उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना हा धोका जास्त.

सेटमध्ये ‘टक्’ आवाज झाला आणि मग काळंनिळं पडलं, ताकद गेली, छातीचा किंवा बायसेपचा आकार बदलला: अस्थिरोगतज्ज्ञ, त्याच आठवड्यात. स्नायूचा कंडरा तुटला असेल तर शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी चांगली. मालिशवाल्याकडे नेऊन चोळू नका.

कमरेतून पायात कळ जात असेल तर वजन बंद आणि डॉक्टर. पाय लुळे पडत असतील, बैठकीची जागा बधिर वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. जांघेत फुगवटा आला तर सर्जनला दाखवा.

सांध्याचं दुखणं दोन आठवडे हलकं करूनही राहिलं, तर फिजिओथेरपिस्ट.

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर फेलपर्यंत जायचंच नाही, डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय. १९८५ साली कॅनडात अनुभवी बॉडीबिल्डरांचा रक्तदाब धमनीत सुई घालून मोजला गेला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला फेलपर्यंत मारताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. निरोगी तरुणाच्या रक्तवाहिन्या हे काही सेकंद सोसतात. चाळिशी ओलांडली असेल तर पहिला कठीण सेट मारण्याआधी रक्तदाब मोजून या. मेडिकलच्या दुकानातही मोजून मिळतो.

डॉक्टरांकडून परत याल तेव्हा काय चालेल आणि काय नाही, ते चिठ्ठीवर लिहून आणा. पहिल्या दिवशी रिकामा रॉड, शिल्लक पाच, आणि वहीचं नवीन पान.